वहिनी, तुमच्या वजनाबद्दल

वहिनी, तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. तेराव्याला आलेली माणसं आपापल्या घरी गेली, दादा कचेरीत जायला लागला आणि मी परळला आमच्या नर्सेस क्वार्टर्समध्ये परत आले. सकाळची ड्युटी संपवून खोलीत बसले आहे. तुमच्याविषयी चार माणसांत जे बोललं गेलं ते सगळं चांगलं होतं आणि बहुतेक खरंही होतं. हसतमुख होत्या, दारातून कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही, संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात जाऊन आल्या. तुम्ही कशाने गेलात ते मात्र कुणी उच्चारलं नाही. पायाला काहीतरी झालं होतं, एवढंच म्हणत होते. आपल्या दोघींचं एक भांडण त्याच विषयावरून चालू होतं आणि ते अर्धंच राहिलं. म्हणून हे लिहिते आहे.

तुम्ही ठाकूरद्वारच्या आमच्या दोन खोल्यांत लग्न होऊन आलात तेव्हा सतरा वर्षांच्या होतात आणि मी अकरा. मी तुमच्यापेक्षा लहान, तरी पहिल्या दिवसापासून तुम्ही मला 'वन्सं' म्हणालात आणि 'अहो-जाहो'च केलंत. तेव्हा तुम्ही इतक्या बारीक होतात की तुमच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. हे आता सांगितलं तर तुमच्या लेकीला, शकूलाही खरं वाटत नाही.

पहिलं बाळंतपण झालं आणि माझ्या आईने डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, भातावर तूप असं सगळं रीतीप्रमाणे सुरू केलं. मूल आठव्या दिवशी गेलं. लाडू थांबले नाहीत. मूल नसलं तरी बाळंतीण होतीच, असं आईचं म्हणणं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून ते लाडू खायचात. दुसऱ्या वेळीही तसंच झालं. शकू तिसरी, ती जगली. तोवर तुमची जुनी चोळी तुमच्या अंगात येईनाशी झाली होती आणि शेजारच्या बायका म्हणत होत्या, सासरचं अन्न मानवलं हो हिला.

त्याच सुमारास रेशनची वर्षं आली. तांदळात खडे, त्यातही मापात मिळणारे. त्या दिवसांत तुम्हाला जी सवय लागली ती रेशन गेल्यावरही सुटली नाही. आम्ही सगळे जेवून उठलो की पातेल्यात आणि पानांत जे उरलं असेल ते तुम्ही ओट्याशी उभ्या उभ्या संपवायचात. दादाच्या पानातली अर्धी पोळी, शकूने टाकलेला वरणभात, आईच्या उपासाची उरलेली साबुदाण्याची खिचडी. पानावर बसून तुम्ही कधी फार जेवला नाहीत. म्हणून 'मी खाते तरी काय, वन्सं?' असं तुम्ही विचारायचात तेव्हा ते खोटं नसायचं.

मी नर्सिंगला गेले आणि बायकांच्या वॉर्डात काम करू लागले. तिथे मला माणसं वेगळी दिसायला लागली. जिना चढताना दम लागणाऱ्या, गुडघे धरून बसणाऱ्या, रक्तदाबाच्या, साखरेच्या बायका रोज समोर यायच्या आणि त्यांतल्या पुष्कळ तुमच्या अंगलटीच्या असायच्या. लठ्ठ माणसाला हे होतंच असं नाही आणि बारीक माणूस सुटतो असंही नाही. काटकुळ्या बायकाही साखर घेऊन यायच्या. पण जड शरीर वर्षानुवर्षं ओढताना हृदयाला, सांध्यांना, रक्ताला काय सोसावं लागतं ते मी खाटेखाटेवर बघत होते. मग सुट्टीत घरी आले की तुम्ही दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पिशवी टेकून उभ्या असायचात. उशाशी पाण्याचा मोठा तांब्या असायचा आणि तो सकाळी रिकामा असायचा. विळीने कापलेलं बोट महिनाभर भरायचं नाही.

एका रविवारी मी वॉर्डातून निळं औषध, काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा घेऊन आले. लघवी तपासायची म्हटल्यावर आईने स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही, म्हणून गॅलरीच्या कोपऱ्यात बसलो. निळ्या औषधात थेंब टाकून नळी उकळली की साखर असेल तसा रंग बदलतो. हिरवा, मग पिवळा, फार असेल तर विटकरी. तुमचा विटकरी झाला. तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, 'चांगला आहे की रंग. असं लुगडं होतं माझ्या आईचं.'

मी तुम्हाला हॉस्पिटलात नेलं ते त्यानंतर. तो दिवस मी आजवर कुणाला सांगितला नाही. डॉक्टर हुशार होते, थकलेले होते, त्यांच्यामागे सात-आठ विद्यार्थी होते. त्यांनी तुमचं नावसुद्धा विचारलं नाही. दिवसाला किती पोळ्या खाता, असं विचारलं आणि तुम्ही दोन म्हणालात तेव्हा विद्यार्थ्यांकडे वळून ते म्हणाले की असे पेशंट नेहमी दोनच सांगतात. मग तुम्हाला काट्यावर उभं केलं. काट्याची दांडी शेवटाला जाऊन अडकली. तिथला एक वॉर्डबॉय म्हणाला, यांना धान्याच्या वखारीत न्या, तिथे पोत्यांचा काटा आहे. सगळे हसले. वहिनी, मीही हसले. मोठ्याने नाही. कामावर असताना सगळ्यांबरोबर जसं हसायला होतं तसं. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत, काट्यावरून उतरलात आणि चपला घातल्यात. ट्रामने घरी येताना तुम्ही सबंध वेळ वांग्यांबद्दल बोलत होतात. त्यानंतर तुम्ही हॉस्पिटलची पायरी चढला नाहीत. इन्शुलिनची सुई घरी येऊन देते म्हटलं तर तेही नको म्हणालात.

मग चळवळीचे दिवस आले. गिरगावात रोज सभा, प्रभातफेऱ्या, भिंतींवर चुन्याने लिहिलेल्या घोषणा. गोळीबार झाले तेव्हा आमच्या चाळीतल्या दारांना दिवसासुद्धा कड्या असायच्या. खालच्या मजल्यावरच्या मालतीबाई बायकांच्या तुकड्या जमवत होत्या. त्यांनी तुम्हाला विचारलं तेव्हा आई म्हणाली, ही कुठे जाते, हिला जिना उतरेपर्यंत सत्याग्रह संपेल. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक उरकून, पदर खोचून खाली गेलात.

मी त्या दिवशी ड्युटीवर होते. मला हे सगळं शकूकडून कळलं, नंतर दादाकडून, आणि नंतर वर्षभर भेटेल त्या माणसाकडून. तुम्ही बारा जणी नाक्यावर रस्त्यात बसलात. पोलिसांची गाडी आली. बाकीच्या बायकांना पोलीसबायांनी एकेक करून उचललं आणि गाडीत बसवलं. तुमच्यापाशी दोघी आल्या, त्यांनी काखेत हात घातले, तुम्ही हलला नाहीत. तिसरी आली. मग नाइलाजाने दोन हवालदार आले. तुम्ही अंग सैल सोडून नुसत्या बसला होतात. वर चाळींच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. एका हवालदाराची टोपी पडली आणि सगळ्या रस्त्याने टाळ्या वाजवल्या. असं पुष्कळ वेळ चाललं म्हणतात. शेवटी त्यातला वयस्क हवालदार धापा टाकत बाजूला उभा राहिला तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, 'दमलात ना? थांबा जरा. मीच येते.' आणि हाताचा टेका देऊन उठलात, स्वतःच्या पायांनी गाडीत जाऊन बसलात.

तुरुंगात तुम्ही दीड महिना होतात. ज्वारीची भाकरी आणि पातळ आमटी, तीही मोजून. सकाळ-संध्याकाळ आवारात फेऱ्या. ओट्याशी उभं राहून संपवायला कुणाच्या पानात काही उरत नव्हतं. परत आलात तेव्हा तुमच्या गळ्याची हाडं मला वीस वर्षांनी दिसली. जिना तुम्ही न थांबता चढलात. आल्या आल्या मी नळी काढली, तुम्हीही हौसेने नमुना दिलात. रंग फिकट हिरवा आला. मी तुम्हाला मिठी मारली होती, आठवतं? आपल्याकडे असं कुणी करत नाही, तुम्ही बावरून गेलात.

पण खाली जमलेली माणसं वेगळं बघत होती. मालतीबाईंना रडू आलं. काय दशा केली हो तुमची, असं प्रत्येकजण म्हणत होतं. चाळीने सत्कार केला, हार घातला, आणि त्यानंतरचे पंधरा दिवस आपल्या घरी पातेली येत राहिली. कुणाचा शिरा, कुणाच्या पुरणपोळ्या, वरून तुपाची वाटी. गेलेलं अंग भरून काढा म्हणून. दादा आयुष्यात तुमच्यासाठी कधी काही घेऊन आला नव्हता. तो रोज कचेरीतून येताना पेढे आणू लागला आणि तुम्ही खाताना समोर बसू लागला. त्याला कसं नको म्हणायचं?

मी म्हटलं. तुम्हाला नाही, आधी दादाला म्हटलं, मग आईला. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तुमच्या तोंडचा घास काढते आहे. म्हणून मग तुम्हालाच गॅलरीत गाठलं आणि वॉर्डातलं सगळं सांगितलं. डोळे जातात, पाय जातात, हृदय थकतं. आता आपसूक उतरलं आहे तर ते तसंच राहू द्या. तुम्ही कपडे वाळत घालत होतात. हातातलं लुगडं पिळून, झटकून, काठीवर टाकून झाल्यावर बोललात.

'वन्सं, या अंगाला आजवर सगळे हसले. लग्नकार्यात हसले, ट्राममध्ये हसले, तुमच्या हॉस्पिटलात हसले. एकाच दिवशी ते कामाला आलं. एकाच दिवशी ते आहे म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि आता तुम्ही म्हणता, ते कमी करा.'

मी म्हटलं की टाळ्या वाजवणारे तुमचे पाय चेपायला येणार नाहीत. हे बोलायला नको होतं. बरोबर होतं, पण बोलायला नको होतं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत तुम्ही होतात त्याहून जड झालात. सभांना तुम्हाला पहिल्या रांगेत खुर्ची मिळायची. लालबागला, दादरला, 'हवालदारांना उचलता न आलेल्या वहिनी' म्हणून तुमची ओळख करून दिली जायची. एकदा परळच्या सभेत मी मागे उभी राहून तुम्हाला बघितलं. तुम्ही भाषण केलं नाहीत, नुसत्या उठून उभ्या राहिलात आणि गिरणीकामगारांनी घोषणा दिल्या. तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी घरी कधी बघितलं नव्हतं. मग बसताना तुम्ही खुर्चीचे हात धरून थांबलात, ओठ निळसर झाले होते, आणि श्वास मोजायची सवय असल्यामुळे मी मोजला. तुम्हाला न भेटताच मी निघून आले. मला तेव्हा राग होता. मी समजावून थकले, आता तुमचं तुम्ही बघा, असं मनाशी म्हणत होते. घरी येणं मी महिन्यावर आणलं. आले तरी आपण दोघी शकूच्या अभ्यासाबद्दल बोलायचो. तुमचा तांब्या पुन्हा मोठा झालेला मला दिसायचा. नळीचं नाव मी काढत नव्हते.

राज्य झालं. ज्यासाठी तुम्ही रस्त्यात बसला होतात ते मिळालं. त्या सकाळच्या मिरवणुकीत मालतीबाईंनी तुम्हाला गाडीत बसा म्हटलं आणि तुम्ही चालतच गेलात, नव्या चपला घालून. एका चपलेचा खिळा वर आला होता. तो दिवसभर तुमच्या टाचेत रुतत होता आणि तुम्हाला ते कळलं नाही. जुन्या साखरेत पायाची जाणीव जाते. आधी मुंग्या येतात, मग काहीच लागत नाही. घरी येऊन चप्पल काढल्यावर फरशीवर रक्त उमटलं तेव्हा तुम्ही बघितलंत. हळद भरलीत, फडकं बांधलंत आणि कुणाला सांगितलं नाहीत. तीन आठवडे.

शकू एकटी परळला आली. पंधरा वर्षांची पोर, घरी न सांगता. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, 'आत्या, आईच्या पायाला वास येतो.' मी गणवेश न बदलता तिच्याबरोबर निघाले. तुम्ही मला दारात बघून पाय लुगड्याखाली ओढून घेतलात. मी फडकं सोडलं. टाच काळी पडली होती, दोन बोटंही.

हॉस्पिटलात दाखल करताना कागद मी भरला. वजनाचा रकाना रिकामा ठेवला. हेडनर्सने विचारलं तेव्हा पेशंटला उभं राहता येत नाही असं सांगितलं, आणि ते खरंच होतं.

चौथ्या दिवशी दोन बोटं काढली. साखर सुईने खाली यायची, पुन्हा चढायची. ताप उतरेना. डॉक्टर या वेळी वेगळे होते, तरुण, ते तुम्हाला 'काकू' म्हणायचे आणि खाटेशी बसून बोलायचे. त्यांना तुम्ही सगळं खरं सांगितलंत. पाण्याचं, पोळ्यांचं, ओट्याशी उभं राहून खाण्याचं, दोन मुलांचं. मी पडद्याच्या अलीकडे ट्रे घेऊन उभी होते. इतकं सगळं विचारणारं माणूस तुम्हाला एकदाच भेटलं आणि फार उशिरा भेटलं.

घोट्याच्या वर पाय काढावा लागेल असं त्यांनी दादासमोर सांगितलं. तुम्ही म्हणालात, काढा. त्या दुपारी मी तुमचं अंग पुसत होते. मी म्हटलं, 'वहिनी, त्या दिवशी काट्यापाशी मी—'

'राहू द्या, वन्सं.' तुम्ही डोळे मिटले होते. 'तुम्ही म्हणत होतात ते खरं होतं. ते मला कळत होतं.' मग थोड्या वेळाने, 'मी म्हणत होते तेही खोटं नव्हतं.'

मी नाही म्हटलं नाही. पाठ पुसून झाल्यावर तुम्ही शकूबद्दल बोललात. 'ती माझ्या अंगावर गेली आहे,' म्हणालात. पुढेमागे तिला जे सांगायचं ते सांगा, लपवू नका, पण नीट सांगा. मी हो म्हटलं. आणखी काही म्हणायला हवं होतं. पाणी गार झालं होतं, ते बदलायला मी उठले.

बाराव्या दिवशी सकाळी, ऑपरेशनला न्यायच्या आधीच, तुम्हाला श्वास लागला. मी त्याच वॉर्डात होते, पण तुमच्यापाशी नव्हते. चार खाटा पलीकडे एका बाईला सुई देत होते. हाक आली तेव्हा सुई अर्धी दिली होती, ती पुरी केली आणि मग धावले. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरांनी साखर, पायाचं विष आणि हृदय अशी कारणं लिहिली. लठ्ठपणा हा शब्द त्यात नव्हता. आपल्याकडे तो आजार नसतोच. त्याला अंग म्हणतात, सुख म्हणतात, नाहीतर हसतात. तुम्ही ज्या तीन कारणांनी गेलात त्या तिन्ही वाटांवर तो तुमच्या पुढे चालत होता, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. तुम्हाला हॉस्पिटलपासून दूर ठेवलं ते मात्र वजनाने नाही. ते आम्ही केलं, आणि त्यात मी होते. हे वाक्य तुमच्यासमोर बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

तेराव्याची पंगत बाहेरच्या गॅलरीत बसली. गोडाचं जेवण होतं. शकू माझ्या शेजारी होती. समोरच्या रांगेतून आमच्या एका आत्याबाईंनी तिच्या पानाकडे बघून म्हटलं, 'बेतानं गं बाई, नाहीतर आईच्या वाटेनं जाशील.' बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. शकूने हातातला घास पानात ठेवला आणि हात मांडीवर घेतला. ती रडली नाही. भिंतीकडे बघत राहिली.

मी तिच्याकडे सरकून हळूच म्हटलं, 'जेव. भूक आहे तेवढं जेव. सोमवारी आपण दोघी दवाखान्यात जाऊ, त्या तरुण डॉक्टरांकडे. तुझी साखर बघू, आणि काय खायचं, किती चालायचं ते विचारून घेऊ. तुझं तू विचारायचंस. मी शेजारी बसेन.'

तिने विचारलं, 'तिथे हसतात?'

'कुणी हसलं तर मी बोलेन,' मी म्हटलं.

मग ती जेवली, वहिनी. वाढप्याला थांबवून तिने भातावर पुन्हा वरण मागून घेतलं.